शेवटची गाडी किती वाजता?

मावशी सत्त्याहत्तरची आहे. आयुष्यभर परिचारिका म्हणून पायांवर उभी राहिलेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही तिला बसवत नाही. दर हिवाळ्यात महिनाभर धुळ्याहून आमच्याकडे नाशिकला येते आणि चौथ्या दिवसापासून म्हणायला लागते, "अगं, घरात किती बसायचं?"

यंदा गाडी घेऊन नवरा पुण्याला गेला होता. मी म्हटलं, तो आला की शनिवारी कुठंतरी जाऊ. तर ती म्हणाली, "एसटीत मला तिकीट नाही, तुला अर्धं. त्याची वाट कशाला बघायची?" बरोबरच होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. वीस वर्षं नाशिकला राहूनही मी त्र्यंबकला एसटीनं एकदाच गेले होते, तेही स्कूटर पंक्चर झाली म्हणून.

मावशीच्या अटी दोन होत्या. पाण्याच्या काठानं चालायचं, आणि सगळं सार्वजनिक वाहनानं. माझी एकच होती, रात्री घरी यायचं. त्यामुळे चारही दिवस कुठंही उतरलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: परतीची शेवटची गाडी किती वाजता?

पहिला दिवस, बुधवार. गंगापूर

सुरुवात घराजवळून केली. सीबीएसवरून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, गंगापूर गावाकडे जाणारी सिटीलिंक पकडली. ही महापालिकेची बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिला एसटीची सवलत लागू नाही, त्यामुळे मावशीचं आधार कार्ड पहिल्याच दिवशी पर्समध्ये राहिलं. तिला ते फारसं रुचलं नाही.

आनंदवल्ली, सोमेश्वर मागे पडलं आणि गोवर्धनपाशी उतरून सावरगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत. घड भरत आले होते आणि काही बागांत कागद लावायचं काम चालू होतं. या रस्त्यावर शनिवार-रविवारी वाइनरीला जाणाऱ्या गाड्यांची इतकी रीघ असते की पायी माणूस दिसला तर लोक काच खाली करून "काही मदत हवी का?" विचारतात. बुधवारी सकाळी मात्र आम्ही दोघी, एक दूधवाला आणि बागेतल्या मजूर बायका, एवढेच होतो.

धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी नाही, आणि नसावीच. अर्धं नाशिक हे पाणी पितं. चालायचं ते बॅकवॉटरच्या कडेनं. गंगावऱ्हेच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून एक पाऊलवाट खाली उतरते, ती आम्ही धरली. वाट कसली, गुरांच्या खुरांनी झालेली रेघ. ही रेघ दरवर्षी वेगळी असते. धरण पावसाळ्यात भरतं तेव्हा पाणी पार वर बाभळींच्या बुंध्यापर्यंत येतं. दिवाळीनंतर ते उतरायला लागतं आणि उतरताना एकेक पट्टा मोकळा करत जातं. मागच्या जानेवारीत मी मैत्रिणींबरोबर जिथं डबा खाल्ला होता ती जागा या वेळी पाण्याखाली होती. एक ओळखीचा खडक तेवढा डोकं वर काढून होता आणि त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

मोकळा झालेला पट्टा ओसाड राहत नाही. तिथं गाळपेर होते. पाणी हटलं की ओल्या गाळात हरभरा नाहीतर गहू टाकायचा. खत लागत नाही, पहिलं पाणीही द्यावं लागत नाही. जमीन सरकारची, धरणासाठी घेतलेली, आणि कसायला एका हंगामापुरती. पाण्याला लागून हरभऱ्याची हिरवी किनार होती. वरच्या अंगाला तो घाटे धरत होता आणि पाण्याकडे यावं तसतसा लहान होत जाऊन शेवटी नुसते कोंब. पाणी कसं कसं उतरलं याचं पत्रक कोणी मांडून ठेवावं तसं ते दिसत होतं.

खुरपत बसलेल्या बाईंना मावशीनं विचारलं, "वाट पुढं जाते का हो?"

"जाते की. पण चमकतं तिथं पाय देऊ नका, आजी."

मावशीनं ऐकलं. मी ऐकलं नाही. पुढच्या वळणावर फोटोसाठी चार पावलं पाण्याकडे गेले आणि उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत. वरून वाळलेला पापुद्रा, आत लोणी. पाय निघाला, बूट आत राहिला. मावशीनं काठीनं तो उकरून काढला आणि दिवसभर त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

काठावर एका ठिकाणी दगडावर बसून पोळी-भाजी खाल्ली. समोर पाणी निवांत होतं. या निवांत पाण्यावरून दर दोन-तीन वर्षांनी ऑक्टोबरात जे रान पेटतं ते आठवलं. गंगापूरची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट, हा आकडा नाशिककराला पाढ्यासारखा पाठ असतो, कारण पावसाळाभर पेपरात रोज येतो. आणि १५ ऑक्टोबरला खाली पैठणच्या जायकवाडीत साठा ६५ टक्क्यांच्या आत असला की वरून पाणी सोडायचा विषय निघतो. मग इथले मोर्चे, तिथले मोर्चे, कोर्ट. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडं धुळ्याला येतं का यातलं काही?" नाही, तुमची तापी-पांझरा वेगळी. "मग भांडा तुम्ही," म्हणून तिनं दुसरी पोळी घेतली.

परतीची बस वेळेवर आली. मी एका पायात ओला बूट घालून उभी होते आणि कंडक्टरनं खाली बघून मान हलवली, जणू त्याला ही गोष्ट नवीन नव्हती.

दुसरा दिवस, गुरुवार. अंजनेरी

हा दिवस मी निवडला आणि चुकून फार चांगला निवडला, कारण पौष वद्य एकादशी दोन दिवसांवर आली आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा. जुन्या सीबीएसवर त्र्यंबकच्या गाड्यांना ही गर्दी. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, डोक्यावर तुळशी वृंदावन, पखवाज गोणपाटात गुंडाळलेला. आम्हाला बसायला जागा मिळाली ती एका वारकरी बाबांनी मावशीला बघून उठून दिली म्हणून. त्यांचं स्वतःचं वय सत्तरीच्या पुढचंच असावं.

इथं पहिल्यांदा आधार कार्ड निघालं. कंडक्टरनं कार्ड बघितलं, मावशीकडे बघितलं, परत कार्ड बघितलं. "आजी, सत्त्याहत्तर? वाटत नाही हो." मावशीनं कार्ड परत घेताना जे हसू आवरलं ते मला दिसलं.

सातपूर संपल्यावर रस्त्याच्या कडेनं दिंड्या दिसायला लागल्या. एकामागे एक भगव्या पताका, पुढं टाळकरी, मागे ट्रॅक्टरवर सामान. सिन्नर, निफाड, नगरकडून चार-चार, आठ-आठ दिवस चालत आलेली माणसं. आपण बसनं जाऊन डोंगराखाली चालणार आणि त्याला 'हायकिंग' म्हणणार, याची थोडी लाज वाटली. थोडीच.

अंजनेरी फाट्यावर उतरलो. नाशिकपासून हे अंतर वीसेक किलोमीटर. गावात आधी देवळांचे अवशेष बघितले. शेता-झाडांत विखुरलेली यादवकाळातली जैन आणि हिंदू देवळं, काहींचं शिखर गेलेलं, काहींचा नुसता चौथरा. एका जैन देवळात शके १०६३ चा शिलालेख आहे. यादव कुळातल्या सेउणदेवानं तीर्थंकर चंद्रप्रभाच्या देवळाला दुकानं दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी या गावात दुकानं होती, आणि दान देण्याजोगी चालत होती. आज चहाच्या दोन टपऱ्या. मावशीला ही देवळं इतकी आवडली की तिनं तिथंच राहायचं ठरवलं. "तू जा वर. मी इथं बघत बसते आणि मग वनखात्याच्या नाक्यापर्यंत सावकाश येते."

मी एकटी निघाले. फाट्यापासून नाक्यापर्यंत चढाचा रस्ता आहे, तिथून खरी वाट. पायऱ्या एका घळीतून वर जातात, दोन्ही बाजूंना काळा कातळ, डोक्यावर आभाळाची चिंधी. घळीत वाटेवरच एक लेणं आहे, जैन मूर्ती कोरलेलं. माकडांनी माझ्या हातातली प्लास्टिकची पिशवी कुठून पाहिली कोण जाणे. संत्रं गेलं. पिशवी मात्र मी परत मिळवली, कारण ती खाली टाकून यायची नव्हती.

घळ संपली की पठार उघडतं. इतका वेळ नाकासमोर दगड, आणि एकदम सगळीकडे पिवळं वाळलेलं गवत आणि वारा. पावसाळ्यात हे पठार रानफुलांनी भरलेलं असतं. अंजनेरीच्या नावानंच ओळखली जाणारी एक कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगरावरून २००६ मध्ये शास्त्राला माहीत झाली. जानेवारीत तिचा मागमूस नसतो. कंद जमिनीत झोपलेला. वर बघितलं तर गिधाडं. कड्याच्या उबेवर पंख न हलवता तीन घिरट्या घालत होती. त्यांच्याचसाठी हा भाग राखीव संवर्धन क्षेत्र केलाय.

अंजनीमातेचं देऊळ मागे टाकून तळ्यावर आले. लोक सांगतात, हे हनुमानाच्या पायाच्या आकाराचं. खालून पटत नाही. थोडं वर चढून वळून बघितलं की टाच, तळवा, बोटं, सगळं दिसतं आणि मग ते दुसरं काही दिसतच नाही. तळ्याला वळसा घालणारी वाट अर्ध्या तासाची आहे, पण मी तासभर लावला. पाणी थंड, हिरवट, काठाला शेवाळ. पलीकडच्या बाजूला कोणीच नव्हतं. टिटवी एकदा ओरडून गेली, बस. गंगापूरच्या काठाला काल जी सतत हालचाल होती, गुरं, खुरपणाऱ्या बायका, पंपांचा आवाज, त्यातलं इथं काहीही नाही. या पाण्यावर कुणाचा हक्क नाही, त्याचं पत्रक कुणी ठेवत नाही, त्यावरून कुणी कोर्टात जात नाही. आभाळातून आलं, साठलं, उन्हाळ्यात वाळेल. चार दिवसांत पाहिलेल्या पाण्यांत मला हे सगळ्यात आवडलं.

शेवटच्या टेकाडावर चढले तेव्हा ईशान्येकडे धुरकट हवेत एक चकाकी दिसली. गंगापूर. मावशीला फोन लावला, "तुझा काल काढलेला बूट इथून दिसतोय." ती म्हणाली, "तुझा." आणि मग, "खाली ये. दिंडी चहाला थांबलीये, मी त्यांच्यात बसलेय."

उंची ४२०० फुटांच्या आसपास. उतरताना गुडघे बोलतात. नाक्यावर पोचले तर मावशी खरंच सिन्नरकडच्या बायकांत बसून एकीच्या तळपायाच्या फोडाला पट्टी करत होती. पट्टीची पेटी तिच्या पिशवीत कायम असते. त्यामुळे ठरलेली गाडी गेली. पुढची तासाभरानं मिळाली आणि तीही उभ्यानं. त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. फिटंफाट.

तिसरा दिवस, शुक्रवार. त्रिंगलवाडी

आज रेल्वे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून पकडली. या गाडीत रोज मुंबईला जाणारे पासधारक आपापल्या जागा धरून असतात आणि त्यांचा स्वतःचा एक संसार चालतो. कोणी झोपलेलं, कोणी डबा उघडलेलं, कोपऱ्यात पत्ते. आम्ही दोघी इगतपुरीला उतरणार म्हटल्यावर त्यांना आमची कीव आली. तासाभराच्या आत उतरणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी प्रवासीच नाही.

इगतपुरी स्टेशनात गार वारा आणि वडापाव, या दोन गोष्टी कधी चुकत नाहीत. पुढं कसारा घाट. चढणीला मालगाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. अशी दोन इंजिनं बाजूच्या रुळावर नुसती घुरघुरत उभी होती. मावशीला ती बघायची होती म्हणून दहा मिनिटं गेली.

तिथून शेअर जीपनं महामार्गावरच्या टाके घोटीच्या फाट्याला आलो. त्रिंगलवाडी गाव इथून सहा-सात किलोमीटर आत आहे. जीपवाला म्हणाला, आत जाणारी गाडी भरली की सुटते. भरायला दोन माणसं कमी होती. ती दोन माणसं यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात चहा झाला, आणि शेवटची गाडी चारची असं कळलं. "चार म्हणजे चार?" मावशीनं विचारलं. "म्हणजे भरली की," तो म्हणाला.

हा भातपट्टा. कापणी उरकलेली, खाचरांत धसकटं, बांधावर पेंढ्याच्या उडव्या. कुठं कुठं ओलीवर हरभरा, वाल. गाव संपलं की तळं लागतं आणि तळ्याच्या पलीकडे त्रिंगलवाडीचा किल्ला, टोपी घातलेला. खरोखर टोपीच. चढती हिरवट-करडी पायथ्याची सोंड आणि वर कातळाचा गोल तुकडा.

बांधावरून चालत तळ्याला बगल दिली. या चार दिवसांतली चालायला सगळ्यात सोपी वाट हीच. सपाट, रुंद, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली खाचरं. मावशी पुढं, मी मागं. पाण्यात हळदीकुंकू बदकांची एक जोडी होती. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका, म्हणून हे नाव. मावशीनं पहिल्यांदाच ऐकलं आणि "किती शहाण्या माणसानं ठेवलंय" म्हणाली. गावातल्या दोन मुली धुणं धुऊन परत येत होत्या. त्यांनी विचारलं, "किल्ल्याला जाताय? आजी पण?" मावशी म्हणाली, "आजी लेण्यापर्यंत."

लेणं पायथ्याच्या वर, सोंडेवर आहे. जैन लेणं, दाराच्या चौकटीवर बारीक नक्षी, आत ऋषभनाथांची मूर्ती, वरचा भाग फुटलेला. शके १२६६ चा, म्हणजे इ. स. १३४४ चा लेख मूर्तीच्या बैठकीवर आहे, अक्षरं झिजलीत. आत गारवा आणि वटवाघळांचा वास. मावशी ओसरीत पाय पसरून बसली आणि मी वर गेले.

वरची वाट कातळात कोरलेल्या पायऱ्यांची. एका बाजूला अखंड भिंत, दुसरीकडे पण भिंत, म्हणजे जणू डोंगरात चर खणून जिना काढलाय. पायऱ्या उंच आहेत, गुडघ्याएवढ्या. काटकोनात वळलं की दार आणि दाराशेजारी कातळात कोरलेला मारुती, माणसापेक्षा मोठा, शेंदूर माखलेला. हे एवढं काम ज्यांनी छिन्नीनं केलं त्यांनी खाली बघितलं असेल तेव्हा तळं नव्हतं. आता वरून बघितलं तर सगळ्यात आधी तळंच दिसतं, त्यानंतर कळसुबाईची रांग, अलंग-मदन-कुलंग. वर पाण्याची टाकं आहेत. मी फार वेळ थांबले नाही, कारण घड्याळ.

आणि तरी चुकलं. खाली मावशीला घेऊन गावात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि जीप भरून गेली होती. चूक सगळी आमची. "भरली की" याचा अर्थ चारनंतर असाच आम्ही धरला होता, चारच्या आधी असाही होतो हे डोक्यात आलं नाही. चालायला लागलो. दीड-दोन किलोमीटर झाले असतील, मागून दुधाची पिकअप आली. किटल्या मागं, आम्ही दोघी पुढं केबिनमध्ये. पोरगा विशीतला. "कुठल्या तुम्ही?" नाशिकच्या. "नाशिकवरून तळं बघाया आल्या?" त्याच्या आवाजात जरा शंका होती, यामागं काहीतरी दुसरं असणार अशी. जमीन बघायला लोक येतात इथं. रिसॉर्टवाले, सेकंड होमवाले. तळ्याकाठच्या जागेला काय भाव आलाय ते त्यानं न विचारता सांगितलं. मावशीनं मध्येच विचारलं, दुधाला काय भाव मिळतो? त्यावर तो बराच वेळ बोलला.

महामार्गावरून घोटी, घोटीवरून नाशिकची एसटी. अंधार पडला होता. मावशी खिडकीशी झोपली आणि कंडक्टरला तिचं कार्ड मीच दाखवलं.

चौथा दिवस, शनिवार. नांदूरमधमेश्वर

निफाडची थंडी नाशिककरांना पेपरातून माहीत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला याची बातमी हिवाळाभर येते. प्रत्यक्षात सकाळी सातला निफाड स्टँडवर उतरणं ही वेगळी गोष्ट. मावशीनं माझा मफलर घेतला, मी तिची शाल घेतली, आणि तरीही दोघी रसवंतीच्या बंद टपरीआड उभ्या राहिलो.

तिथून शेअर रिक्षानं चापडगाव. वाटेत द्राक्षं, ऊस, कांदा, परत द्राक्षं.

इथली गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका फसलेल्या हिशेबाची आहे. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांनी १९०७ ते १९११ या काळात बंधारा बांधला, कालव्यांतून खाली कोपरगाव-राहात्याकडे पाणी न्यायला. दोन्ही नद्यांनी त्यात इतका गाळ आणून टाकला की पाणी साठवण्याची जागा कमी कमी होत गेली. जिथं खोल जलाशय असायचा तिथं उथळ दलदल, गवताची बेटं, पाणवनस्पती. अभियंत्याच्या दृष्टीनं हे नुकसान. पक्ष्यांच्या दृष्टीनं याहून चांगलं काही होऊ शकत नव्हतं. १९८६ मध्ये इथं अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पहिल्या दिवशी गाळानं माझा बूट गिळला होता. चौथ्या दिवशी कळलं की त्याला शंभर वर्षं दिली तर तो काय काय करतो.

काठानं चालायची वाट पक्षी बघायच्या मनोऱ्यांना जोडत जाते. गावातला एक पोरगा दुर्बीण आणि तिपाईवरचा टेलिस्कोप घेऊन बरोबर आला. आम्हाला पक्षी ओळखता येत नाहीत, दाखवावे लागतात, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत जोखलं आणि भराभर दाखवायला लागला. शेकाट्या, लाल काटकुळ्या पायांचा. मोर शराटी, उन्हात जांभळी-हिरवी चमकणारी. चमच्या, चोचीनं पाणी डावीकडून उजवीकडे चाळणारा. चित्रबलाक. जांभळी पाणकोंबडी, लव्हाळ्यात खुडखुड करत. दलदलीवरून खाली उडत गेलेली ससाण्यासारखी भोवत्या, आणि तिच्यासरशी शेकडो बदकं एकदम उठलेली. त्या आवाजानं मावशीनं माझा हात धरला. पंखांचा आवाज नव्हे तो, पाणी उकळल्यासारखा काहीतरी.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, होते का? होते, लांब, सतरा. तिपाईतून बघितल्यावर गुलाबी, नुसत्या डोळ्यांनी पांढरे ठिपके. बघायला आलेली एक शहरी मंडळी "बस एवढेच?" म्हणाली आणि पुढं गेली. पोरगा काही बोलला नाही, पण टेलिस्कोप आमच्याकडे वळवून दुसरंच काहीतरी दाखवायला लागला. काळ्या पाण्यावर काळे पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. शेकडो. "हे वारकरी."

"काय?" मावशी म्हणाली.

"वारकरी. चांदवा पण म्हणतात. कपाळाला गंध आहे ना."

मावशीनं डोळा काचेला लावला तो दहा मिनिटं काढला नाही. एकादशी त्या दिवशीच होती. परवाच्या सिन्नरच्या बायका आत्तापर्यंत निवृत्तिनाथांच्या दारात पोचल्या असणार, फोड आलेलीही. हे तिच्या मनात आलं असेल, मी विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "यांना कोणी पट्टी बांधत नाही वाटतं."

दुपारी बंधाऱ्याकडे चालत गेलो. दगडी काम अजून देखणं आहे. ऊन चढलं, पक्षी सुस्तावले, आम्हीही. झाडाखाली भाकरी, ठेचा आणि एका बागवाल्यानं बळंच हातात दिलेला द्राक्षांचा घड. आंबट होता, अजून पंधरा दिवस हवे होते. त्यालाही माहीत होतं, पण पाहुण्याला रिकामं कसं पाठवायचं.

निफाडकडे परत येताना रिक्षा नव्हती, एसटी मिळाली. गच्च भरलेली. द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका होत्या, सुरगाण्याकडच्या. हंगामापुरत्या येतात, बागेतच झोपडी करून राहतात. माझ्या शेजारच्या सीटवर एक, मांडीवर पोर. मावशीनं कुठं गेलो होतो ते सांगितलं. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"पाणी बघाया?"

"हो."

"आमच्याकडं पाऊस रगड पडतो. दिसंना होतं इतका. पण मार्च लागला का हंडा घेऊन डोंगर उतरायचा." मग पोराचं नाक पुसत म्हणाली, "इथं बागेत नळ आहे."

मावशीनं पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढून पोराच्या हातात दिली. पोरानं ती आधी बघितली, मग चाटली. एका फाट्यावर त्या सगळ्या उतरल्या आणि गाडी अर्धी रिकामी झाली.

निफाडला नाशिकची गाडी लागलेलीच होती, शेवटची नव्हे, तिच्या आधीची. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही वेळेच्या आधी होतो. मावशीनं चढतानाच आधार कार्ड हातात तयार ठेवलं होतं. कंडक्टर आला, तिच्याकडे नुसतं बघितलं, "बसा आजी," म्हणाला आणि शून्याचं तिकीट फाडून पुढं गेला. कार्ड बघितलंसुद्धा नाही.

चांदोरीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.